सहा छायाचित्रे आणि एक मोडलेला जबडा

२१ ऑक्टोबर १९५१. अमेरिकेच्या आयोवा राज्यात रविवारचा ‘डे मॉइन रजिस्टर’ घरोघरी पोहोचला, तेव्हा वाचकांसमोर सहा छायाचित्रांची एक मालिका होती. आदल्या दिवशी झालेल्या कॉलेज फुटबॉलच्या एका सामन्याची. चेंडू हातात घेतलेला खेळाडू एका बाजूला पळतो आहे. त्याच्याकडे चेंडू सोपवून मोकळा झालेला एक कृष्णवर्णीय तरुण मागे उभा राहून खेळ बघतो आहे. समोरच्या संघाचा एक धिप्पाड गोरा खेळाडू चेंडूच्या मागे जात नाही. तो थेट या तरुणावर चालून येतो आणि कोपराखालचा हात त्याच्या जबड्यावर हाणतो. पुढच्या चित्रात तरुण कोसळतो आहे.

कोसळणाऱ्याचे नाव जॉनी ब्राइट. मारणाऱ्याचे नाव विल्बँक्स स्मिथ. हा फटका चुकून लागला, असे ती सहा चित्रे ओळीने पाहणारा कोणीही सहजी म्हणणार नाही. तरीही स्मिथला ना मैदानाबाहेर काढले गेले, ना नंतर त्याच्यावर कुठली कारवाई झाली. ना त्याच्या कॉलेजने केली, ना दोन्ही कॉलेजे ज्या संघटनेत होती त्या मिसुरी व्हॅली कॉन्फरन्सने.

गुन्हा दिवसाढवळ्या झाला, हजारो लोकांनी पाहिला, कॅमेऱ्याने टिपला. एवढी पक्की गवाही क्वचितच मिळते. मग इन्साफ का झाला नाही? आणि तो झाला नसेल, तर पुढे जे थोडेफार बदलले ते कशामुळे बदलले? या दोन प्रश्नांसाठी त्या हंगामाची गोष्ट आज पुन्हा सांगावीशी वाटते.

युद्धानंतरची कॉलेजे आणि त्यांचा खेळ

आधी या खेळाविषयी थोडेसे. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचे किंवा पुढच्या साथीदाराकडे फेकायचा. चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचे. प्रतिस्पर्ध्यांचे अकरा जण तुम्हाला अडवायला, पाडायला उभे असतात. धडक हा या खेळाचा भागच आहे, म्हणून कुठली धडक नियमातली आणि कुठली नियमाबाहेरची यावर सगळा खेळ उभा असतो. चेंडू ज्याच्या हातात आहे त्याला पाडणे हा खेळ झाला. चेंडू सोडून उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर मारणे ही मारहाण झाली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन कॉलेजांचा चेहरा बदलला होता. १९४४ च्या एका कायद्याने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. १९४७ मध्ये कॉलेजात प्रवेश घेणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे माजी सैनिक होते. लहान गावांतली, मध्यम ऐपतीची कॉलेजेही भरून गेली. त्याबरोबर त्यांची मैदानेही भरली. शनिवारी दुपारी कॉलेजचा सामना असला की गावाचा बाजार ओस पडायचा.

ही कॉलेजे आपापल्या भागातल्या संघटनांमध्ये बांधलेली असत. अशा संघटनेला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. शेजारच्या काही कॉलेजांनी एकत्र यायचे, दरवर्षी एकमेकांशी खेळायचे, आपसांत एक विजेता ठरवायचा, नियम आणि शिस्त सांभाळायची. १९०७ साली स्थापन झालेली मिसुरी व्हॅली कॉन्फरन्स ही त्यातलीच एक जुनी संघटना. मोठी नावे तिच्यातून केव्हाच बाहेर पडली होती. १९५१ मध्ये तिच्यात आयोवातले ड्रेक होते, इलिनॉयमधले ब्रॅडली होते, डेट्रॉइट होते, कॅन्ससमधले विचिटा होते आणि ओक्लाहोमातली दोन, तुलसा आणि ओक्लाहोमा ए अँड एम. टेक्ससमधले ह्यूस्टन त्याच वर्षी आत आले होते.

ही नावे नकाशावर ठेवून पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. संघटना एकच होती, पण तिच्या पोटात दोन वेगवेगळे देश राहत होते. उत्तरेकडच्या कॉलेजांत कृष्णवर्णीय विद्यार्थी, थोडे का होईना, शिकत आणि खेळत होते. दक्षिणेकडच्या राज्यांत त्यांनी गोऱ्यांच्या वर्गात बसणे हाच कायद्याने गुन्हा होता किंवा नुकताच होता.

सभ्य लोकांचा अलिखित करार

या दोन देशांनी एकमेकांशी खेळायचे कसे? त्यावर कॉलेजांनी एक तोडगा काढलेला होता. त्याला ‘जंटलमन्स अ‍ॅग्रीमेंट’, म्हणजे सभ्य लोकांचा करार, असे भारदस्त नाव होते. उत्तरेचा संघ दक्षिणेकडच्या संघाशी खेळणार असेल, तर त्याने आपला कृष्णवर्णीय खेळाडू घरी ठेवायचा किंवा बाकावर बसवायचा. कागदावर काही नाही. कोणी कोणाला हुकूम देत नाही. फक्त सगळ्यांना समजलेले असते.

१९४० मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचा संघ मिसुरीला खेळायला निघाला, तेव्हा लिओनार्ड बेट्स या खेळाडूला सोडून गेला. विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. पुढे त्यातल्या सात जणांना युनिव्हर्सिटीने निलंबित केले. त्या सातांचा त्याच युनिव्हर्सिटीने २००१ मध्ये सत्कार केला, साठ वर्षांनी.

युद्धानंतर मात्र हा करार ठिकठिकाणी उसवायला लागला. नाझी वंशवादाशी लढून आलेल्या तरुणांना स्वतःच्या कॉलेजात तोच हिशेब पटेना. १९४६ मध्ये पेन स्टेटच्या संघाने मायामीचा सामना रद्द केला. आमचे सगळे खेळाडू येतील, नाहीतर कोणीच येणार नाही, ही त्यांची भूमिका होती. १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मोठ्या बेसबॉलमध्ये उतरला. १९४८ च्या हंगामानंतर पेन्सिल्व्हेनियातल्या लाफायेट या छोट्याशा कॉलेजला टेक्ससमधल्या सन बाउल सामन्याचे आमंत्रण आले. एका छोट्या कॉलेजसाठी ही केवढी मोठी गोष्ट! पण डेव्हिड शॉवेल हा त्यांचा कृष्णवर्णीय खेळाडू तिथे चालणार नव्हता. लाफायेट गेले नाही.

म्हणजे १९५१ पर्यंत ‘हे असेच चालते, काय करणार’ असे म्हणायला जागा उरली नव्हती. काही कॉलेजांनी ‘नाही’ म्हणून दाखवले होते.

वर्गाच्या दारातली खुर्ची

ओक्लाहोमाचे वातावरण समजायला एका शिक्षकाची कहाणी पुरेशी आहे. जॉर्ज मॅक्लॉरिन हे निवृत्त कृष्णवर्णीय प्राध्यापक. त्यांना ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीत शिक्षणशास्त्रात डॉक्टरेट करायची होती. कोर्टात गेल्यावर १९४८ मध्ये प्रवेश मिळाला, पण कसा? वर्गात नाही, वर्गाला लागून असलेल्या कोनाड्यात त्यांचे टेबल मांडले गेले. ग्रंथालयात वेगळी जागा. खाणावळीत वेगळे टेबल आणि वेगळी वेळ. ज्येष्ठ वयाचा एक शिक्षक, शिक्षणाचेच शास्त्र शिकायला आलेला, आणि त्याला शिकवणारी व्यवस्था त्याला दाराबाहेर बसवत होती. शिक्षकी पेशातल्या माणसाला हे वाचताना स्वतःच्या वर्गाचे दार आठवल्याशिवाय राहत नाही.

५ जून १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही वागणूक घटनाबाह्य ठरवली. कायदा असा हळूहळू सरकत होता. स्टिलवॉटर या गावातल्या ओक्लाहोमा ए अँड एम कॉलेजातही १९४९ मध्ये नॅन्सी रॅन्डॉल्फ डेव्हिस या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला प्रवेश मिळाला होता. त्याही शाळेतल्या शिक्षिका. त्यांनाही सुरुवातीला वर्गाबाहेर बसावे लागले.

या स्टिलवॉटरच्या मैदानात ड्रेकचा संघ जॉनी ब्राइटला घेऊन येणार होता.

देशातला अव्वल खेळाडू

जॉनी ब्राइटचा जन्म ११ जून १९३० रोजी इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावात झाला. शाळेत तो फुटबॉल, बास्केटबॉल आणि धावणे अशा तिन्ही खेळांत चमकला. ड्रेक युनिव्हर्सिटीत तो आला तो धावपटू म्हणून. फुटबॉलच्या मैदानात उतरला आणि त्याने सगळ्यांना तोंडात बोटे घालायला लावली.

धावून मिळवलेले आणि चेंडू फेकून मिळवलेले यार्ड मिळून खेळाडूची एकूण कमाई मोजतात. १९४९ मध्ये, कॉलेजच्या दुसऱ्याच वर्षात, ब्राइट या हिशेबात संपूर्ण देशात पहिला आला. १९५० मध्ये पुन्हा पहिला, २,४०० यार्डांसह. हे ओहायो स्टेट किंवा नोत्र दामसारख्या बलाढ्य युनिव्हर्सिटीचे आकडे नाहीत. हे डे मॉइन शहरातल्या एका मध्यम युनिव्हर्सिटीतल्या पोराचे आकडे आहेत. १९५१ चा हंगाम सुरू झाला तेव्हा सर्वोत्तम कॉलेज खेळाडूच्या हाइसमन पुरस्कारासाठी त्याचे नाव घेतले जात होते.

स्टिलवॉटरला तो पहिल्यांदाच जात होता असे नाही. १९४९ मध्ये तो तिथे खेळला होता. त्या मैदानावर खेळणारा तो पहिला आफ्रिकन-अमेरिकन. तेव्हा काही अघटित झाले नव्हते. १९५१ मध्ये मात्र हवा वेगळी होती. ड्रेकने पाचही सामने जिंकलेले, ब्राइट देशभर गाजत असलेला. सामन्याआधीच स्टिलवॉटरमध्ये उघड चर्चा होती की ब्राइटवर निशाणा आहे, सामना संपेपर्यंत तो मैदानात राहणार नाही. ए अँड एमच्या विद्यार्थी वृत्तपत्रात आणि गावच्या वर्तमानपत्रातही ते छापून आले होते. म्हणजे जे होणार होते ते गावाला माहीत होते.

पहिली सात मिनिटे

२० ऑक्टोबर १९५१, शनिवार, लुईस फील्ड.

सामन्याच्या पहिल्या सात मिनिटांत ब्राइट तीन वेळा बेशुद्ध पडला. तिन्ही वेळा मारणारा एकच, विल्बँक्स स्मिथ. या माऱ्यात त्याचा जबडा मोडला. त्या अवस्थेतही त्याने जिम पिल्किंग्टनकडे ६१ यार्डांचा पास फेकला आणि ड्रेकला गुण मिळवून दिले. पण मोडलेल्या जबड्याने किती खेळणार? त्याला बाहेर जावे लागले. कॉलेजच्या कारकिर्दीत शंभर यार्डांपेक्षा कमी कमाईचा त्याचा हा पहिलाच सामना. ड्रेक २७-१४ असा हरला.

ब्राइटचा जबडा तारांनी बांधावा लागला. नळीने पातळ अन्न घेता यावे म्हणून एक दात काढला गेला. हंगामातले उरलेले बरेचसे सामने हातचे गेले. तरी त्या वर्षी हाइसमनच्या मतदानात तो पाचवा आला.

कॅमेरा कुठे रोखला होता

आता त्या सहा छायाचित्रांकडे पुन्हा येऊ. डॉन उल्टँग आणि जॉन रॉबिन्सन हे ‘रजिस्टर’चे दोन छायाचित्रकार त्या दिवशी स्टिलवॉटरला आले होते. रविवारच्या अंकासाठी चित्रे वेळेत पोहोचवायची म्हणून पहिला क्वार्टर झाला की निघायचे, असा त्यांचा बेत होता. म्हणजे तासभरही हाती नव्हता. सामन्यात सर्वसाधारणपणे कॅमेरा चेंडूच्या मागे जातो. या दोघांच्या कानावर ब्राइटविषयीची कुजबुज आली होती, म्हणून त्यांनी कॅमेरे ब्राइटवर रोखून ठेवले. चेंडू त्याच्यापासून लांब गेल्यावरही त्याच्यावरून नजर काढली नाही. म्हणूनच ते सापडले. पंचांची नजर बहुधा चेंडूवर होती, प्रेक्षकांचीही.

मला या कहाणीत हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. अन्याय बहुतेक वेळा चेंडूपासून लांब घडतो. सगळे ज्या दिशेने पाहत असतात त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात घडतो. मधल्या सुट्टीत मैदानावर लक्ष ठेवणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला हे ठाऊक असते. गोंगाट जिथे आहे तिथे खेळ चाललेला असतो. शांत उभा असलेला, एकटा पडलेला मुलगा कुठे आहे, ते मुद्दाम शोधावे लागते.

ती मालिका देशभर गाजली, ‘लाइफ’ साप्ताहिकात आली आणि १९५२ चे छायाचित्रणाचे पुलित्झर पारितोषिक उल्टँग आणि रॉबिन्सन यांना मिळाले.

पुरावा इतका नावाजला गेला, की पत्रकारितेतला सर्वात मोठा सन्मान त्याला लाभला. गुन्ह्याची मात्र अधिकृत दखल कोणी घेतली नाही.

निवाडा कोण करणार?

ड्रेकने कॉन्फरन्सकडे दाद मागितली. कॉन्फरन्स म्हणजे काय, हे वर पाहिलेच. खेळाची शिस्त सांभाळण्यासाठीच ती असते. तिच्यापुढे नियम होते, चित्रे होती, मोडलेला जबडा होता. तिने स्मिथवर काहीच कारवाई केली नाही. ओक्लाहोमा ए अँड एमनेही केली नाही. आपल्या कृत्यामागे वर्णद्वेष होता, हे स्मिथ यांनी नंतरही नाकारले. ब्राइट यांचे म्हणणे वेगळे होते. १९८० च्या एका मुलाखतीत त्यांनी सांगितले, की हे वर्णद्वेषाशिवाय घडलेच नसते.

एका माणसाच्या मनात त्या क्षणी काय होते यावर वाद घालता येईल. पण संस्थांच्या मनात काय होते, याचा अंदाज बांधावा लागत नाही. त्यांची कृती समोर आहे. हा फटका नियमात बसतो की नाही, एवढाच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर द्यायला कोणाच्याही काळजात डोकावण्याची गरज नव्हती. कॉन्फरन्सने तेवढेही केले नाही, कारण उत्तर दिले असते तर दक्षिणेकडची कॉलेजे दुखावली असती. संघटना टिकवायची म्हणून एका सदस्याच्या खेळाडूचा जबडा हिशेबात धरला नाही. सभ्य लोकांचा जुना करारही याच हिशेबावर चालत होता. फरक एवढाच, की पूर्वी खेळाडू घरी ठेवून एकोपा राखला जाई. ड्रेकने खेळाडू घरी ठेवला नाही, तर एकोप्याची किंमत मैदानात वसूल झाली.

मग ड्रेकने जे केले ते त्या काळात फार थोड्या संस्थांनी केले असते. त्याने मिसुरी व्हॅली कॉन्फरन्स सोडली. इलिनॉयच्या पियोरिया शहरातल्या ब्रॅडली युनिव्हर्सिटीनेही तिच्या सोबतीने कॉन्फरन्स सोडली. ब्रॅडलीचा तर कोणी खेळाडू जखमी झाला नव्हता.

ही गोष्ट कागदावर छोटी दिसते. पण कॉन्फरन्स सोडणे म्हणजे काय? ठरलेले सामने गेले. दरवर्षीचे प्रतिस्पर्धी गेले. विजेतेपदाची संधी गेली. तिकिटांचे उत्पन्न अनिश्चित झाले. मोठ्या युनिव्हर्सिटीला हे पेलते, मध्यम कॉलेजला ते महागात पडते. ड्रेक इतर खेळांसाठी १९५६ मध्ये कॉन्फरन्समध्ये परतले, पण फुटबॉलसाठी परतायला १९७१ उजाडले. ब्रॅडली १९५५ मध्ये परतले, फुटबॉलसाठी कधीच नाही.

ड्रेक आणि ब्रॅडली बाहेर पडल्याने स्मिथला शिक्षा झाली नाही. कॉन्फरन्सने माफीही मागितली नाही. काही वर्षांनी दोघे परतले तेव्हा जुना हिशेब चुकता झालेला नव्हता. तरी त्यांच्या जाण्याला अर्थ होता. निषेधाचा ठराव कोणीही करू शकतो, त्याला कागद आणि शाई एवढाच खर्च येतो. ज्या निषेधासाठी स्वतःचे काही गमवावे लागते, तो दुसऱ्याला दुर्लक्षिता येत नाही. कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना असलेल्या एनसीएएने यानंतर बेकायदा फटक्यांविषयीचे नियम कडक केले आणि चेहऱ्याचे रक्षण करणाऱ्या जाळीच्या हेल्मेटचा आग्रह धरला. आज अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंच्या तोंडापुढे जी जाळी दिसते, तिच्या इतिहासात जॉनी ब्राइटच्या जबड्याचाही वाटा आहे.

चित्रे आणि बाहेर पडणे, ही दोन्ही पावले एकत्र पडली म्हणून एवढे तरी झाले. नुसती चित्रे असती तर ती पारितोषिक घेऊन संग्रहालयात गेली असती. चित्रांशिवाय ड्रेक बाहेर पडले असते, तर हरल्याचा राग काढला असे म्हटले गेले असते.

उत्तरेची वाट

१९५२ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघाने ब्राइटला पहिल्याच फेरीत निवडले. देशभरातून पाचवा. कुठल्याही खेळाडूने डोळे मिटून सही केली असती. ब्राइटने केली नाही. त्याने नंतर कारण सांगितले, की आपण त्या संघातले पहिलेच कृष्णवर्णीय ठरलो असतो आणि दक्षिणेकडून मोठ्या संख्येने येणाऱ्या खेळाडूंमध्ये आपल्याला कशी वागणूक मिळेल याची खात्री नव्हती. एका शनिवारच्या सात मिनिटांनी त्याला जे शिकवले होते, त्याचा हा धडा होता.

तो कॅनडाला गेला. आधी कॅल्गरी, मग १९५४ पासून एडमंटन. एडमंटनने १९५४, १९५५ आणि १९५६ असा लागोपाठ तीन वर्षे कॅनडाचा ग्रे कप जिंकला, तेव्हा ब्राइट संघात होता. १९५९ मध्ये तो कॅनेडियन फुटबॉलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. हा मान मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय. १९६४ मध्ये तो निवृत्त झाला तेव्हा धावून १०,९०९ यार्ड मिळवल्याची नोंद त्याच्या नावावर होती. तोवर त्या लीगमध्ये तेवढे कोणी धावले नव्हते. अमेरिकेने जो खेळाडू गमावला, तो कॅनडाला मिळाला. १९६२ मध्ये त्याने कॅनडाचे नागरिकत्वही घेतले.

ब्राइटविषयीच्या लेखांत बहुतेकदा जबड्यावर पानेच्या पाने असतात आणि पुढच्या गोष्टीवर एखादी ओळ. ती ओळ मला सर्वात मोलाची वाटते. ड्रेकमधून त्याने पदवी घेतली ती शिक्षणशास्त्राची. खेळत असतानाच तो एडमंटनमध्ये शिकवू लागला. इथून पुढे त्याला ‘तो’ म्हणणे बरे दिसणार नाही, कारण ब्राइट आता मास्तर झाले होते. शिक्षक, क्रीडा प्रशिक्षक, मग मुख्याध्यापक. डी. एस. मॅकेन्झी आणि हिलक्रेस्ट या एडमंटनच्या दोन माध्यमिक शाळा त्यांनी सांभाळल्या.

जरा विचार करा. ज्या राज्यात मॅक्लॉरिनसारख्या शिक्षकाला वर्गाच्या कोनाड्यात बसवत होते, त्याच राज्याच्या मैदानावर ज्याला आडवे पाडले गेले, तो माणूस पुढे रोज सकाळी शाळेच्या दारात उभा राहून मुलांना आत घेत होता. त्यात सगळ्या रंगांची, सगळ्या घरांतली मुले असतील. ज्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही अशीही असतील. चेंडू सोडून उभ्या असलेल्या पोरावर नजर ठेवायची असते, हे या मुख्याध्यापकांना कोणी सांगायची गरज नव्हती.

त्याच १९८०च्या मुलाखतीत ब्राइट यांनी असेही सांगितले होते, की आपला जबडा मोडल्याने कॉलेज खेळ थोडा सुधारला, याचे आपल्याला समाधान आहे. बोलण्यात कडवटपणा नव्हता, पण जे झाले ते झाकून ठेवणेही नव्हते. १४ डिसेंबर १९८३ रोजी खेळातल्या गुडघ्याच्या जुन्या दुखापतीवर शस्त्रक्रिया चालू असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय अवघे ५३.

चोपन्न वर्षांनंतरचे पत्र

ओक्लाहोमा ए अँड एमचे नाव १९५७ मध्ये ओक्लाहोमा स्टेट युनिव्हर्सिटी झाले. २८ सप्टेंबर २००५ रोजी तिचे अध्यक्ष डेव्हिड श्मिडली यांनी ड्रेकच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. १९५१ ची ती घटना आपल्या संस्थेवरचा आणि कॉलेज फुटबॉलवरचा डाग असल्याचे त्यात मान्य केले होते आणि माफी मागितली होती.

चोपन्न वर्षे. ज्याची माफी मागायची, तो माणूस जाऊन जवळपास बावीस वर्षे झाली होती. उशिरा मागितलेली माफी निरुपयोगी असते का? मला तसे वाटत नाही. ती गेलेल्यासाठी नसते. ती त्या युनिव्हर्सिटीत आज शिकणाऱ्या मुलांसाठी असते, जेणेकरून आपल्या मैदानाचा इतिहास त्यांना खरा कळावा. पण अशी माफी संस्थेला १९५१ च्या थंडीतही मागता आली असती. तेव्हा सहा चित्रे समोर होती. २००५ पर्यंत त्या चित्रांत सातव्या चित्राची भर पडली नव्हती. पुरावा तोच, तेवढाच होता. वाढली ती फक्त बोलण्याची तयारी, आणि तीही बोलण्यात फारसे गमवायचे उरले नाही तेव्हा.

म्हणून मला वाटते, कुठल्याही समाजात पुरावा मागणाऱ्यांना आधी एवढे विचारावे: पुरावा मिळाला तर तुम्ही काय करणार आहात? मिसुरी व्हॅलीत ज्यांच्याकडे अधिकार होता ते गप्प बसले. ज्यांच्याकडे अधिकार नव्हता, त्यांनी आपल्या हातात जे होते ते केले. दोन वार्ताहरांनी कॅमेरा योग्य जागी रोखला. दोन मध्यम युनिव्हर्सिट्यांनी आपला नुकसानीचा सौदा केला. आणि एका विद्यार्थ्याने तारांनी बांधलेल्या जबड्याने अभ्यास करून शिक्षणाची पदवी पुरी केली.

२००६ मध्ये ड्रेकने आपल्या स्टेडियमच्या मैदानाला जॉनी ब्राइट यांचे नाव दिले. २०१० मध्ये एडमंटन शहरात एक नवी शाळा सुरू झाली. शिशुवर्गापासून नववीपर्यंतची. तिचे नाव जॉनी ब्राइट स्कूल. तिथल्या मुलांना हे नाव आधी भेटत असेल ते शाळेच्या पाटीवर, आपल्याच गावातल्या एका जुन्या मुख्याध्यापकांचे नाव म्हणून. जबड्याची गोष्ट त्यांना कोणीतरी शिक्षक नंतर सांगत असेल.